कॅटलेज ब्लॉक करायचंय: थ्री-एटी घ्यायचं की सोडियम अझाइड?

कॅटलेज, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम, बंद करून पेशींवर त्या पेरॉक्साइडचा ताण किती वाढतो ते बघायचं असलं की पहिला हात अझाइडच्या बाटलीकडे जातो, कारण अँटिबॉडीत बुरशी-बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून ती लॅबमध्ये असतेच. पण जिवंत पेशी असतील तर माझं मत सरळ थ्री-एटी, म्हणजे 3-अमिनो-1,2,4-ट्रायझोल.

अझाइड कॅटलेजच्या हीमला, म्हणजे त्यातल्या लोह असलेल्या भागाला, चिकटतं, लगेच काम करतं, डोसही कमी लागतो, इथपर्यंत झकास. पण हीम काय एकट्या कॅटलेजमध्येच असतं का? मायटोकॉन्ड्रियातलं श्वसनाचं एन्झाइम सायटोक्रोम ऑक्सिडेज पण त्यानेच बंद पडतं, मग पेशी मेल्या त्या पेरॉक्साइडने की श्वसन थांबल्याने, हे व्हायवात कोणी विचारलं की संपलं. त्यात पेरॉक्साइड मोजायला अ‍ॅम्प्लेक्स रेड हा चमकणारा रंग देणारा किट वापरत असाल तर त्यातलं एचआरपी (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, तो रंग बनवणारं एन्झाइम) पण अझाइडने दबतं, रीडिंग खाली येतं आणि आपल्याला वाटतं पेरॉक्साइडच कमी झालं, म्हणजे उलटाच निष्कर्ष!

थ्री-एटीची तऱ्हा वेगळी. नुसत्या कॅटलेजला ते काही करत नाही, एन्झाइमने आधी पेरॉक्साइडशी रिअ‍ॅक्शन करून कंपाउंड वन हे आपलंच मधलं रूप बनवावं लागतं, मग थ्री-एटी एन्झाइमच्या आतल्या एका हिस्टिडीनला (हे एक अमिनो अ‍ॅसिड) कायमचं चिकटतं. त्यामुळे शुद्ध एन्झाइमवर टाकून फरक दिसला नाही तर बाटली खराब म्हणू नका, ग्लुकोज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज घालून थोडं थोडं पेरॉक्साइड मिळू द्या. पेशींमध्ये ते बनतच असतं, फक्त वेळ द्यावा लागतो. आणि एकदा बंद झालं की धुऊन टाकलं तरी परत येत नाही, नवीन कॅटलेज बनेपर्यंत थांबायचं. 1960च्या दशकात उंदरांच्या लिव्हरमध्ये कॅटलेज किती वेगाने नवं बनतं ते याच गुणामुळे मोजता आलं.

डोस मात्र भरपूर, साधारण 10 ते 50 मिलीमोलर. 50 मिली मीडियात 20 मिलीमोलर हवं तर 84 मिलिग्रॅम, पाण्यात सहज विरघळतं. अगदी स्वच्छ तेही नाही, थायरॉइड पेरॉक्सिडेजला पण पकडतं. यीस्ट असेल तर मीडियात हिस्टिडीन घाला, नाहीतर हिस्टिडीन बनवणारं एन्झाइम अडून वाढच थांबेल. रोपांवर तर जपूनच, हे मुळात अमिट्रोल नावाचं तणनाशक, पानं पांढरी पडतात. 1959 मध्ये अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर क्रॅनबेरीत हेच सापडलं म्हणून मोठी घबराट झाली होती.

लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या रसात, पेरॉक्साइड टाकल्यावर येणारा फेस कॅटलेजचाच आहे का एवढंच पटकन बघायचं असेल तर अझाइड चालेल, डायल्यूट केलं की अ‍ॅक्टिव्हिटी बरीचशी परतही येते. फक्त त्यात अ‍ॅसिड पडू देऊ नका, हायड्रॅझोइक अ‍ॅसिड बनतं, ते 37 अंशांच्या आसपास उकळतं आणि वाफ विषारी. सिंकमध्ये तर अजिबात ओतू नका, तांब्या-शिशाच्या पाइपात स्फोटक अझाइड साठत जातात.