मुक्या मारावरचे काळजीपूर्वक उपचार आणि कागदावरची एक चूक

ओल्या फरशीवर घसरून आईच्या कपाळावर मोठे टेंगूळ आले, तेव्हा आम्ही तिला पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. तेथील डॉक्टरांनी सूज पाहण्याआधी ती बेशुद्ध पडली होती का, उलटी झाली का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारले. ही गोळी चालू असल्याने, वरून किरकोळ दिसणाऱ्या मारातही कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो, असे समजावून त्यांनी सीटी स्कॅन करवून घेतला. तो सुदैवाने स्वच्छ आला.

उपचार साधेच होते: कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी 15 ते 20 मिनिटे, वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि 24 तास देखरेख. रक्तस्रावाचा धोका वाढवू शकणारी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नये, हे परिचारिकेने दोनदा बजावले, याचे मला फार मोल वाटते. घरी जाताना वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, आवरत नसलेली झोप ही धोक्याची लक्षणे मराठीत लिहून मिळाली.

नाराजी आहे ती निदान-संकेतांकाबद्दल. आयसीडी-10 (आजार व दुखापतींना संकेतांक देणारे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) प्रमाणे कपाळाचा मुका मार ‘एस00.8’ मध्ये येतो. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र मेंदूला हादरा बसल्याचा ‘एस06.0’ लिहिला होता. डॉक्टरांच्या नोंदीत तसे काहीच नसल्याने विमा कंपनीने दावा अडवला आणि दुरुस्तीसाठी आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या. उपचारांसाठी मी येथे निःशंकपणे पुन्हा जाईन, पण कार्ड तेथेच वाचून घेईन.