अंगठ्याखाली दिवा लागला होता, तरी मी ११,१०० रुपये मोजून दिले

नागपूरच्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याने मला ११,१०० रुपयांना लुबाडलं. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण खेड्यापाड्यांत लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माझ्या भावांनी हे वाचाच, कारण उद्या त्याच काउंटरसमोर तुम्ही उभे असाल.

बारा वर्षं झाली मी हे काम करतो. मे महिन्यात एका हळदीचं काम आटोपून रात्री घरी आलो आणि सकाळी कॅमेरा चालूच होईना. स्क्रीन नाही, दिवा नाही, आवाज नाही. बॅटरी पुन्हा चार्ज केली. शेजारच्या गावातल्या मित्राची बॅटरी आणून लावली. लेन्स काढून पाहिली, कार्ड काढून पाहिलं, बॅटरी तासभर बाहेर ठेवली, तिचे पॉइंट खोडरबरने पुसले. मल्टिमीटर लावला तर ८.२ व्होल्ट. ७.२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ८.४ च्या आसपास जाते, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. एवढं सगळं मला येतं. बॅटरीचं झाकण मात्र मी नीट पाहिलं नाही.

चार दिवसांवर लग्न होतं. ५,००० रुपये ॲडव्हान्स घेऊन तो खर्चही झाला होता. अशा वेळी माणूस किती दुकानं फिरणार? सकाळच्या पहिल्या एसटीने नागपूर गाठलं.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उलटा केला, बॅटरी टाकली, झाकण लावलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला. कार्डाजवळचा लाल दिवा लुकलुकला. मी पाहिला. त्यानेही पाहिला, कारण अंगठा लगेच उचलून त्याने कॅमेरा काउंटरखाली नेला. मी विचारलं, "भाऊ, आता लाइट लागला ना?" तर म्हणे, "लीकेज करंट आहे तो. बोर्ड उडाला तुमचा. असंच चालू-बंद करत राहिले तर सेन्सर बी जाईल."

मी गप्प बसलो. बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट, जळालं असतं तर झाकण दाबल्यावर दिवा कसा लागला असता? हा प्रश्न रात्री दोन वाजता उठून मी आता स्वतःला विचारतो. तिथे तोंडावर विचारला असता तर पैसे वाचले असते. पण सेन्सरचं, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागाचं, नाव काढलं की फोटोग्राफरचे हातपाय गळतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हिशोब असा: तपासणी ५००, बोर्ड ८,२००, सर्व्हिसिंग ८००, नवीन बॅटरी १,६००. दोन बॅटऱ्या लावून पाहिल्या हे मीच त्याला सांगितलं होतं, आणि तरी मीच नवीन बॅटरी विकत घेतली! "जुनी बॅटरी पुन्हा बोर्ड उडवेल" म्हणून त्याने माझी ठेवून घेतली. काढलेला बोर्ड मागितला तर "तो कंपनीला परत जातो." जुना पार्ट हातात येत नसेल तर कॅमेरा उचला आणि निघा.

पक्कं बिल घ्याल तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,९९८ रुपये, असं तो म्हणाला. ते वाचवायला मी चिठ्ठीवर राजी झालो. ८,००० स्कॅन करून दिले, तेव्हा स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. "भाच्याचं खातं आहे." उरलेले ३,१०० रोख. या ११,१०० मधले सहा हजार बायकोच्या बचत गटातून उचललेले होते, शेकडा दोनने. कॅमेरा पाच दिवसांनी मिळाला, म्हणून लग्नासाठी दोन दिवस भाड्याचा आणला, त्याचे ३,००० वेगळे.

एकोणिसाव्या दिवशी कॅमेरा पुन्हा मेला. या वेळी आमच्या बाजाराच्या गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या पोराकडे नेला. त्याने काही उघडायच्या आधीच कॅमेऱ्याचा तळ दाखवला. "भाऊ, हा कोनं खोललाच नाई. स्क्रूत हयद पाहा ना, जशीच्या तशी हाय." खरंच, त्या लग्नघरची हळद स्क्रूच्या खाचांत सुकून बसलेली होती. बॅटरीच्या झाकणाला आतून एक बारीक दांडी असते. झाकण लागलं की ती आतला स्विच दाबते, तेव्हाच कॅमेऱ्याला करंट मिळतो. माझी दांडी तुटली होती. नागपूरवाल्याने तिथे गोंदाने प्लास्टिकचा तुकडा चिकटवला होता, तो पडला. पोराने नवीन दांडी बसवली, ५० रुपये घेतले. तुमचा कॅमेरा बंद पडला तर बॅटरी आत ठेवून तो स्विच अगरबत्तीच्या काडीने हळूच दाबून पाहा, मग एसटीत बसा.

ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "पैसे राजीखुशीनं देल्ले ना? मंग फसवणूक कशी?" मग, नागपूरचं मॅटर आहे, तिकडे जा. नागपूरला ठाण्याबाहेर तीन तास बसवून सांगितलं, दिवाणी मामला आहे, ग्राहक न्यायालयात जा. अहो, न झालेल्या कामाचे पैसे खोटं बोलून घेणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. हे एका वकिलांनी कागदावर लिहून दिलं, तो कागद दाखवला तर साहेब म्हणाले, "आम्हाले कायदा शिकवता का?" दोन चकरांचे ६४० रुपये गेले, दोन कामं बुडाली. अकरा हजार त्यांना किरकोळ वाटतात. आमच्या घरात तेवढ्यात पेरणीचं बियाणं येतं.

आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार केली आहे. राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित प्रथा आहे, म्हणून चिठ्ठी फाडू नका. स्कॅनचा स्क्रीनशॉट ठेवा. कॅमेरा देताना सिरियल नंबर आणि तळाच्या स्क्रूंचा फोटो त्याच्यासमोर काढा.

माझी बॅटरी अजून त्याच्याकडेच आहे, नाहीतर विकली गेली. मित्राच्या बॅटरीशी अदलाबदल होऊ नये म्हणून बायकोने तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. नागपुरातून कुणी जुनी बॅटरी घेतली असेल आणि तो ठिपका दिसला, तर मला कळवा. माझ्या तक्रारीला तोच पुरावा कमी पडतो आहे.