फोंड्यातला फोक्सवागनवाला मेस्त्री : जुनी बीटल घ्यायच्या आधी इंजिन दाखवून घेतलं

गॅरेजला बोर्ड नाही त्यामुळे नाव विचारू नका, फोंड्यात बांदोड्याच्या रस्त्याला कुणालाही "फोक्सवागनवालो मेस्त खंय" म्हणून विचारलंत की माणूस हात करून दाखवतो. मला राशोलच्या एका जुन्या घरातली बीटल घ्यायची होती. पोर्तुगीज काळात इथे आयातीवर भारतासारखी बंधनं नव्हती म्हणून असल्या गाड्या गोव्यात बऱ्याच आल्या, त्यातलीच ही 1961 मॉडेल, निदान मधला दलाल तरी तसं सांगत होता. "सगळं ओरिजिनल, इंजिन नंबर आरसीशी मॅच, हवं तर बघा" हे त्याने मला चारदा ऐकवलं आणि भावही त्याच हिशोबाने लावला होता.

मेस्त्रींना घेऊन बोरीच्या पुलावरून राशोलला गेलो. वय सत्तरीच्या पुढे, बरोबर फक्त एक पिशवी. मला वाटलं आधी इंजिन उघडतील, पण त्यांनी मागची सीट उचलली. तिच्याखाली मधल्या बोगद्यासारख्या भागावर चेसिस नंबर ठोकलेला असतो तो ओल्या फडक्याने पुसला, बत्तीस लाखांच्या पुढचा निघाला, म्हणजे 1961 मॉडेल बरोबर. तिथेच बॅटरी दिसली, 12 व्होल्टची. "या वर्साक 6 व्होल्ट जाय," म्हणजे या वर्षाच्या गाडीला 6 व्होल्टची हवी, एवढंच बोलले आणि मागे गेले, बीटलचं इंजिन मागे असतं.

पुढचं मी मान वाकडी करून बघत होतो. डायनामो ज्या स्टँडवर बसतो त्याच्या बुडाशी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य खोक्यावर, नंबर असतो, तिथे तेलाचा नि मातीचा बोटभर थर. रॉकेलचं फडकं, मग जुना टूथब्रश, मग खडू आडवा घासला आणि वर बोट फिरवलं की पांढरे आकडे उठून दिसले. नखाने कडा चाचपून म्हणाले ग्राइंडर मारलेला नाही, नंबर खोटा नाही. दलाल आरसी पुढे करून हसला, नंबर खरंच जुळत होता, शेवटच्या आकड्यापर्यंत.

मेस्त्री म्हणाले पहिलं अक्षर वाच. एफ!

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. 1960 च्या ऑगस्टपासूनच्या 34 हॉर्सपॉवरच्या 1200 इंजिनचा नंबर नुसत्या आकड्यांचा, पन्नास लाखांच्या पुढून सुरू होणारा, पुढे अक्षर नाही. एफ लागलं ते 1300 च्या इंजिनला, आणि ते आलंच 1965 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे ज्या गाडीबद्दल बोलतोय तिच्यात ते कारखान्यातून असणं शक्यच नाही. कधीतरी इंजिन बदललं, आरटीओत रीतसर नोंद करून आरसीवर नवीन नंबर चढवला, म्हणून आता सगळं "मॅच". यात फसवणूकही नाही म्हणा, पण ओरिजिनलही नाही. बाहेरून दोन्ही इंजिनं आपल्यासारख्याला सारखीच दिसतात, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्याससुद्धा दोन्हीचा 77 मिलिमीटरच, फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरखाली जातो त्या अंतराचा, 64 चा 69 झाला नि 1192 सीसीची 1285 झाली. मेस्त्रींचं मत विचाराल तर चोर्ल्याच्या घाटात हेच इंजिन बरं, उगीच रडू नको.

मी रडत होतो ते कागदांसाठी. केंद्राच्या 2021 च्या नियमात 50 वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला 20,000 रुपये आणि दहा वर्षांची मुदत, पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठी फेरफार नको. आता कंपनीचंच पण दुसऱ्या मॉडेलचं इंजिन या अटीत बसवायचं कसं, हा वाद मला आरटीओच्या खिडकीवर घालायचा नव्हता. भाव उतरवून मागितला, दलालाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

मेस्त्रींनी घेतले 2000 आणि स्कूटरच्या पेट्रोलचे वेगळे. महाग वाटेल, पण माझे लाखभर तरी वाचले. तक्रारी आहेतच, बिल देत नाहीत, गुगल पे नाही, आणि मला पहिल्यांदा दोन हेलपाटे घालायला लावले कारण फोन उचलत नाहीत, दुपारी एक ते चार शटर खाली, झोपेतून उठवलंत तर काम विसरा. मोरिस मायनर, फियाटही बघतात म्हणे, मला अनुभव नाही. गाडीचं जर्मनीहून सर्टिफिकेट मागवायचं असेल तर तेवढं मात्र त्यांना जमत नाही, वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवागन म्युझियमला आपणच लिहायचं, गाडी कुठल्या तारखेला तयार झाली आणि रंग कुठला होता ते तिथून कळतं.

सकाळी दहाच्या आत जा, आणि बरोबर जुनं फडकं न्या, त्यांनी माझा रुमाल वापरला.