शॉर्ट ॲक्शन रायफलला नवी बॅरल: .२४३, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ की .३०८?

हातात शॉर्ट ॲक्शनची, म्हणजे आखूड काडतुसांसाठी बनवलेल्या यंत्रणेची, बोल्ट रायफल आहे, रेमिंग्टन ७०० म्हणा किंवा सॅव्हेज. ॲक्शन ठणठणीत, पण बॅरल आतून गंजलेली किंवा घशाशी झिजलेली. नवी बॅरल बसवायची, काडतुसं घरीच भरायची आणि शिकार करायची ती अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाची. बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, काडतूस कोणतं? माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी गोळी ठरवा, मग काडतूस, आणि सगळ्यात शेवटी बॅरल मागवा. बॅरलमधल्या आट्यांचा (आतल्या सर्पिल खाचांचा) पीळ, म्हणजे किती इंचांत गोळीचा एक फेरा पूर्ण होतो तो आकडा, एकदा कापला की बदलत नाही (आकडा लहान तितका पीळ घट्ट), आणि किती लांबीची गोळी हवेत स्थिर राहील हे तोच ठरवतो. काडतुसाच्या नावावर तासन्‌तास बोलायचं आणि पिळाचा आकडा बॅरलवाल्याच्या मर्जीवर सोडायचा, हे पैसे आणि मोसम दोन्ही वाया घालवणं आहे.

कायद्याचं आधी बघून घ्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार उरली नाही, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचा या छंदाशी पहिला संबंध अमेरिकेतच येतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पुढे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यू जर्सीत हरणासाठी या लेखातली कुठलीच रायफल चालत नाही, तिथे शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. एडिसनमध्ये राहणारा माणूस ही रायफल घेऊन जाणार तो पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात. ओहायोत रायफलीला सरळ भिंतीच्या केसची (केस म्हणजे काडतुसाची पितळी नळी) काडतुसंच चालतात, तिथल्या वाचकासाठी खाली एक वेगळी वाट सांगितली आहे.

आता गोळी. दोन घराणी आहेत: शिशाचा गाभा आणि तांब्याचं कवच असलेली, आणि अख्खी तांब्याची. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे बे एरियातल्या माणसापुढे पर्यायच नाही. इतरांनीही विचार करावा. शिशाची गोळी हाडावर फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं आणि तो टाकून देण्याचा सल्ला आरोग्य विभागाने दिला. घरात लहान मुलं तेच मटण खाणार असतील तर मी तांब्याच्याच बाजूने आहे.

पण तांब्याचे स्वतःचे नियम आहेत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि तिला जास्त घट्ट पीळ लागतो. शिवाय ती उमलायला वेग लागतो. उपाय सोपा आहे: वजन एक पायरी खाली घ्या. तांब्याची गोळी आपलं जवळजवळ सगळं वजन राखून आरपार जाते, त्यामुळे १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं एकक) शिशाच्या गोळीचं काम १२० ग्रेनची तांब्याची गोळी बिनतक्रार करते.

चारही काडतुसांच्या बुडाचा व्यास एकच, ०.४७३ इंच. त्यामुळे बोल्टला हात न लावता यातली कुठलीही बॅरल बसते. वेग कारखान्याच्या काडतुसांचे आणि साधारण २४ इंची बॅरलचे आहेत, धक्का ८ पौंडांच्या रायफलीचा अंदाजे:

| काडतूस (वर्ष) | गोळी, ग्रेन | वेग, फूट/सेकंद | ऊर्जा, फूट-पौंड | धक्का, फूट-पौंड |
|---|---|---|---|---|
| .२४३ विंचेस्टर (१९५५) | १०० | २९६० | १९४५ | ९ |
| ६.५ क्रीडमूर (२००७) | १४३ | २७०० | २३१५ | १३ |
| ७ एमएम-०८ रेमिंग्टन (१९८०) | १४० | २८६० | २५४० | १४ |
| .३०८ विंचेस्टर (१९५२) | १६५ | २७०० | २६७० | १७ |

ऊर्जेच्या रकान्यावर फार वेळ घालवू नका. २०० यार्डांवर शून्य केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम नेमका जुळवलेली) यातली कुठलीही रायफल ३०० यार्डांवर साधारण सात ते नऊ इंच खाली मारते. पूर्वेकडच्या दाट रानात हरीण दिसतं ते बहुधा शंभर यार्डांच्या आत, आणि तिथे या चौघांतला फरक हरणाला कळत नाही. धक्क्याचा रकाना मात्र नीट वाचा, कारण तो तुमच्या बोटाला कळतो. धक्क्याची धास्ती घेऊन ट्रिगर झटकणारा माणूस .३०८ ने पोटात मारेल, तोच माणूस .२४३ ने फुप्फुसात मारेल.

.२४३ बद्दल थोडक्यात: हलका धक्का, सपाट मार्ग, नवशिक्याला आणि किरकोळ अंगाच्या माणसाला उत्तम. पण गोळीची निवड चुकली तर माफी नाही. कोल्ह्यासाठीची पातळ कवचाची गोळी हरणाच्या खांद्यावर फुटून वरवरची जखम करते. १०० ग्रेनची नोस्लर पार्टिशन किंवा ८० ते ८५ ग्रेनची तांब्याची बार्न्स घ्या, नेहमीचा १० इंची पीळ दोन्हींना पुरतो.

क्रीडमूर हे विचारपूर्वक आखलेलं काडतूस आहे. केस मुद्दाम आखूड, १.९२० इंच, म्हणजे लांब निमुळती गोळी बंदुकीच्या दारूच्या जागेत न घुसता शॉर्ट मॅगझिनमध्ये मावते. त्याच जाडीच्या गोळीच्या .२६० रेमिंग्टन काडतुसात लांब गोळी अशी मावत नाही, ही अडचण होती. बॅरल बहुतेक सगळीकडे ८ इंची पिळाचीच मिळते, म्हणजे डोकेदुखी नाही. पश्चिमेकडे मोकळ्या माळावर ३०० यार्डांपलीकडे वाऱ्यात गोळी टाकायची असेल तर मी हेच घेईन. केस घेताना प्रायमरकडे (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) लक्ष द्या: लापुआच्या केसला छोटा रायफल प्रायमर लागतो, हॉर्नडीच्या केसला सहसा मोठा. दोन्ही एकत्र करून भरायला बसलात तर संध्याकाळ फुकट जाईल.

माझं मत ७ एमएम-०८ ला आहे, आणि कारण एवढंच नाही की ते मधलं आहे. .३०८ ची मान ७ एमएमपर्यंत आवळली की हे काडतूस तयार होतं. कामगिरीत ते १८९२ च्या ७×५७ माउझरचं जुळं भावंड शोभतं. इंग्रज त्याच ७×५७ ला .२७५ रिग्बी म्हणत, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल त्याच काडतुसाची होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ७ एमएमची १४० ग्रेनची गोळी मध्यम वेगाने मध्यम जनावरं पाडत आली आहे. घरी भरणाऱ्याला तर हे काडतूस फारच धार्जिणं. १२० ग्रेनची बार्न्स टीटीएसएक्स, १४० ची पार्टिशन किंवा ॲक्युबॉंड, १३९ ची हॉर्नडी, सगळ्या सहज बसतात. कारखान्याच्या रायफलींत ९.२५ किंवा ९.५ इंची पीळ येतो. नवी बॅरल घेतच आहात तर ९ किंवा ८.५ इंची मागा, म्हणजे तांब्याच्या लांब गोळ्यांचाही रस्ता उघडा राहील. केस मिळाल्या नाहीत तर .३०८ च्या केस डायमधून (केसला आकार देणाऱ्या साच्यातून) काढून करता येतात. मात्र मानेची जाडी मोजा, आणि बुडावर शिक्का .३०८ चाच राहतो म्हणून त्या वेगळ्या खुणेच्या डब्यात ठेवा.

एक उणीव आहे, आणि ती खेड्यातल्या दुकानात कळते. काडतुसं घरी विसरलात तर तिथे .३०८ नक्की सापडेल, ७ एमएम-०८ कदाचित नाही. म्हणून ज्यांचं घरी भरणं वर्षाआड होतं त्यांनी सरळ .३०८ घ्यावं. १५० किंवा १६५ ग्रेनच्या गोळीने ते हरणाला पुरून उरतं, बॅरल हजारो फैरी टिकते, केस स्वस्त मिळतात. पीळ १० इंची घ्या, १२ इंची जुना झाला.

ओहायोवाल्यांनी .४५० बुशमास्टरची बॅरल बघावी. तिच्या केसचं बूडही ०.४७३ इंचच आहे, त्यामुळे तोच बोल्ट चालतो. मॅगझिनमधून काडतुसं नीट वर येतात का, ते मात्र बंदूक कारागिराकडून तपासून घ्या. हे काडतूस केसच्या तोंडावर टेकतं, म्हणून भरताना केसची लांबी एकसारखी हवी आणि तोंडाची क्रिंप (गोळीभोवती तोंड आवळणं) बेताची.

दारूचं प्रमाण मी इथे लिहिणार नाही, आणि दुसऱ्या कुणी लिहिलेलं आंधळेपणाने उचलू नका. तुमची गोळी, तुमची केस आणि त्याच दारूचं छापील मॅन्युअल घ्या, सुरुवातीच्या प्रमाणापासून थोडं थोडं वर चढा, दाब वाढल्याच्या खुणा दिसल्या की थांबा. कुठली दारू, हे मात्र सांगतो. क्रीडमूर आणि .२४३ ला एच ४३५०, .३०८ ला व्हारगेट किंवा आयएमआर ४०६४, ७ एमएम-०८ ला व्हारगेट किंवा एच ४३५०. ऑगस्टच्या उकाड्यात जुळवलेलं प्रमाण नोव्हेंबरच्या हिवात वापरायचं असतं, म्हणून तापमानाने कमी बिथरणारी हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका मला महत्त्वाची वाटते. एच ४३५० आणि व्हारगेट त्यातल्याच. याच मालिकेतल्या एच ४८९५ साठी हॉजडनने स्वतः नियम दिला आहे: मॅन्युअलमधल्या कमाल प्रमाणाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. मुलाला किंवा मुलीला ७ एमएम-०८ वर शिकवायचं असेल तर धक्का जवळजवळ निम्मा होतो, आणि दुसरी रायफल घ्यावी लागत नाही.

शिकारीच्या काडतुसात शेवटच्या पाव इंचाच्या नेमापेक्षा ते दरवेळी सुरळीत आत जाणं मोठं. केस पूर्ण लांबीच्या डायमधून काढा, खांदा साधारण ०.००२ इंच मागे बसवा. तांब्याची गोळी आट्यांपासून निदान ०.०५० इंच लांब ठेवा, तिला ती मोकळीक मानवते.

सॅव्हेजची बॅरल नटाने बसते, त्यामुळे योग्य पाना आणि गेज असतील तर ती घरीही बदलता येते. रेमिंग्टनला एक तर लेथ असलेला कारागीर लागतो किंवा नटवाली तयार बॅरल. दोन्ही बाबतीत हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) स्वतः तपासा: ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर होता कामा नये. कारागिराला काडतुसाचं नाव आणि पीळ बॅरलवर ठळक कोरायला सांगा. मोसमाआधी बॅरल पूर्ण थंड असताना एकच फैर झाडा, लक्ष्यावर खूण करा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर. रानात हरणावर जाणार ती थंड बॅरलमधली पहिली गोळी, तेव्हा शून्य तिच्यावरच करायचं.