इंग्रजी व्याकरण: भाषांतरातून शिकावं की वाक्याच्या साच्यांतून?

मोठेपणी इंग्रजी व्याकरण पुन्हा हातात घेणाऱ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे मराठी वाक्य घ्यायचं, नियम मराठीतून समजून घ्यायचा आणि वाक्याचं इंग्रजी करायचं. दुसरी म्हणजे एकेक क्रियापद धरायचं, त्याच्या वाक्याचा साचा, म्हणजे त्या क्रियापदासोबत काय आणि कोणत्या क्रमाने येतं ते, तोंडात बसवायचा आणि त्यात शब्द बदलत राहायचं. कर्ता, कर्म, काळ हे शाळेतच झालेलं असतं, त्यात शिरत नाही. मी तीन वर्षं पहिल्या वाटेने गेलो आणि मग दुसरी धरली.

भाषांतराने मला बरंच दिलं, हे आधी सांगायला हवं. 'घरात', 'टेबलावर' यांतला शेवटचा तुकडा इंग्रजीत सुटा होऊन नामाच्या आधी जाऊन बसतो, हे मराठीतून सांगितलं की एका बैठकीत कळतं. 'मी आंबा खाल्ला', 'मी चिंच खाल्ली' असं आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'एट'च. दोन्ही भाषा शेजारी ठेवल्यामुळेच ते लक्षात आलं. वाचून समजण्यापुरतं इंग्रजी हवं असेल किंवा परीक्षा द्यायची असेल, तर ही वाट बहुधा पुरते.

माझं घोडं अडलं ते बोलताना. ऑफिसात बाहेरच्या राज्यातल्या एका ग्राहकाचा फोन आला. सांगायचं होतं एवढंच: 'आम्ही तुमचा माल काल संध्याकाळी पुण्याहून ट्रकने पाठवला.' मी 'वी युअर गुड्स यस्टरडे इव्हनिंग' इथवर आलो आणि थांबलो. पलीकडून 'हॅलो? हॅलो?' सुरू झालं. शब्द सगळे येत होते, 'सेंट'सुद्धा येत होता, पण मराठीत तो वाक्याच्या टोकाला होता आणि मी अजून तिथे पोहोचलोच नव्हतो. इंग्रजीत कर्ता झाला की लगेच क्रियापद लागतं: 'वी सेंट युअर गुड्स फ्रॉम पुणे बाय ट्रक यस्टरडे इव्हनिंग.' म्हणजे भाषांतर करणाऱ्याने आधी मनात मराठी वाक्य संपवायचं, शेवटचं क्रियापद उचलून पुढे आणायचं, मग उरलेलं मांडायचं. वहीत हे सहज जमतं. फोनवर समोरचा तेवढा थांबत नाही. सरावाने ही अडचण जात असेलही, माझी तीन वर्षांत गेली नाही.

साच्यांत हा उलटा प्रवासच नाही, कारण कर्ता, लगेच क्रियापद, मग बाकीचं हा क्रम आधीच तोंडात बसलेला असतो. ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना असे साचे ठरवण्याच्या कामाला आकार दिला. १९४२ साली टोकियोत निघालेल्या त्यांच्या इंग्रजी शब्दकोशात क्रियापदांचे २५ साचे होते. जपानीतही क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण मला आपल्याच घरची वाटते.

आणखी एक फायदा मला उशिरा कळला. 'मला किल्ली द्या', 'मला पत्ता सांगा', 'मला हे समजावून सांगा' या तिन्हींत 'मला' सारखंच. म्हणून 'गिव्ह मी', 'टेल मी' यांच्या जोडीला मी बिनधास्त 'एक्स्प्लेन मी' म्हणत आलो. 'एक्स्प्लेन'चा साचा वेगळा आहे: 'एक्स्प्लेन इट टू मी'. मराठी वाक्यात याची खूणच नाही, मग भाषांतरातून ती सापडणार कुठून? साचा मात्र क्रियापदासोबतच येतो.

साच्यांचं उणं हे की पहिला महिनाभर पाढे म्हटल्यासारखं वाटतं. आणि काळ कोणता वापरायचा ते साचा सांगत नाही. 'मी दहा वर्षं ठाण्यात राहतो' हा मराठीत साधा वर्तमानकाळ, इंग्रजीत मात्र 'आय हॅव लिव्ह्ड इन ठाणे फॉर टेन इयर्स'. अशा ठिकाणी मी अजूनही भाषांतराची जुनी वही उघडतो, आणि ती टाकून द्या असं कुणालाच सांगणार नाही.

तरी पुढच्या महिन्यात मुलाखत असेल किंवा रोज फोनवर बोलावं लागत असेल, तर माझ्या मते साच्यांपासून सुरुवात करावी. सेंड, ब्रिंग, गिव्ह, टेल, आस्क, एक्स्प्लेन ही सहा क्रियापदं घ्या. प्रत्येकाची आपल्या रोजच्या कामातली पाच वाक्यं करा आणि मोठ्याने म्हणा, मराठी वाक्य समोर न ठेवता.