‘म्युझियम ग्रेड’ शोकेसच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

गावातलं छोटं संग्रहालय सांभाळणाऱ्या आणि नवं दालन उभारायच्या विचारात असलेल्या विश्वस्तांसाठी हे लिहितेय. आम्हांला फसवणारा माणूस आजही दालनं उभारून देतो. त्याचे कागद इतके नीटनेटके असतात की पुढच्या गावातही कुणाला संशय येणार नाही.

आमचं संग्रहालय कोकणातलं. शिवराई नाणी, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, मोडी कागद, एक सचित्र पोथी, आणि एका निवृत्त मास्तरांनी आयुष्यभर गोळा केलेले शंख-शिंपले. जवळजवळ सगळं लोकांनी घरातून विश्वासाने आणून दिलेलं. देणग्या आणि सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामांसाठी देतात तो) मिळून 22 लाख जमले, तेव्हा अंदाजपत्रकासाठी एक प्रदर्शन सल्लागार नेमला. अंदाजपत्रक त्याने केलं, तुलनेसाठीची तीन कोटेशनंही त्यानेच मागवून दिली. सर्वांत कमी दराचं मंजूर झालं. नियम पाळले गेले, असं सगळ्यांनाच वाटलं.

पुढे हिशेब तपासणाऱ्या ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. मंजूर झालेल्या आणि नाकारलेल्या एका कोटेशनवर नावं वेगळी होती, पत्ते वेगळे होते, पॅन मात्र एकच. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव फुकट दिसतं. ते नाव सल्लागाराच्या सख्ख्या भावाचं निघालं. कोटेशनं उघडताच हे तपासा, पाच मिनिटं लागतात.

खरी लूट मात्र अंदाजपत्रकातल्या एका ओळीत होती: ‘म्युझियम ग्रेड शोकेस, 14 नग, एकरकमी, 11 लाख’. सांगाडा कशाचा, काच किती जाडीची, आतलं कापड कुठलं, दिवे कोणते, एक अक्षर नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, “ताई, मोठ्या म्युझियममध्ये हेच वापरतात.” निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल पोचल्यावर. उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून तारीख पक्की होती, त्या घाईचा त्याने पुरेपूर फायदा घेतला.

आलं ते सनमायका लावलेलं एमडीएफ. लाकडाचे बारीक तंतू फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाने दाबून एमडीएफच्या फळ्या करतात. त्यातून फॉर्मिक आणि अॅसेटिक आम्लाच्या वाफा निघत राहतात, आणि बंद शोकेसमध्ये त्या साठतात. दमट हवेत तर फारच वाईट. पावसाळा सरेपर्यंत शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरली. शंखांवर बुरशीसारखा थर आला. बुरशी नव्हती ती. आम्लाने शंखातला चुना खाऊन तयार झालेले क्षार होते. पुसले तरी खालची चकाकी आणि नक्षी परत येत नाही. मास्तरांना हे सांगायला जाणं मला अजून आठवतं. पैसे गेले त्याहून हे जास्त लागलं, कारण पैसे पुन्हा जमवता येतात.

दिव्यांचंही तेच. कागद, कापड, रंगवलेलं चित्र यांना साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको. संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या एका ताईंनी मीटर धरला तेव्हा पोथीवर 400 लक्स पडत होते, आणि उजेड कमी करायची सोयच नव्हती. मोडी कागदांवरची काजळीची शाई उजेडाला दाद देत नाही, पण पोथीतले रंग उडाले की गेलेच. काच लॅमिनेटेड असल्याचं तोंडी सांगितलं होतं. कडेने निरखून पाहिलं तर दोन काचांमधला पडदा दिसायला हवा, तो नव्हता. टच स्क्रीनच्या कियॉस्कमधला मजकूर आमचा, छायाचित्रं आमची, पासवर्ड मात्र त्याच्याकडे. वर्ष उलटल्यावर नूतनीकरणाचे पैसे मागितले आणि ते न दिल्यावर स्क्रीन काळी झाली.

वकिलांमार्फत नोटीस पाठवली. ‘म्युझियम ग्रेड’ म्हणजे काय हे करारात कुठेच लिहिलेलं नाही, असं त्याचं उत्तर आलं. पोलिसांत तक्रार दिली आहे, दोन कोटेशनांमागचा एकच पॅन हाच तिथे आमचा मुख्य पुरावा आहे.

आता नव्या अंदाजपत्रकात ‘एकरकमी’ हा शब्दच ठेवलेला नाही. पावडर कोटिंगचा लोखंडी सांगाडा, काचेची जाडी आणि प्रकार, कमी-जास्त होणारे दिवे, आम्लरहित पुठ्ठा, प्रत्येकाचा दर वेगळा. कापड आणि रंगाचे नमुने आधी ऑडी चाचणीला जातील. त्यात नमुन्यासोबत चांदी, तांबं आणि शिसं यांचे तुकडे दमट बंद काचपात्रात 60 अंशांवर 28 दिवस ठेवतात आणि धातू खराब होतो का ते पाहतात. या चाचणीचा खर्च आणि ते दिवस अंदाजपत्रकातच धरले आहेत. कियॉस्कच्या मूळ फाइल आणि पासवर्ड ताब्यात आल्याशिवाय त्याचं बिल नाही. एकूण रकमेतले 10 टक्के एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच मिळतील. एका ठेकेदाराने या अटीवर लगेच माघार घेतली, ते बरंच झालं.

तुमच्याकडे शोकेस आधीच आल्या असतील तर वस्तू ठेवायची घाई करू नका. रिकामी शोकेस आठवडाभर बंद ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. आंबूस किंवा झोंबणारा वास आला तर एकही वस्तू आत जाऊ देऊ नका आणि उरलेलं बिल तिथेच थांबवा. वास आला नाही तरी सांगाडा कशाचा आहे हे ठेकेदाराकडून लेखी घ्याच.