नळ्या परत जोडायच्या, पण कुठे?

बाईचं नसबंदीचं, म्हणजे गर्भनलिका बंद करायचं टाक्याचं ऑपरेशन झालेलं असतं, मग मूल दगावतं किंवा दुसरं लग्न होतं, आणि नळ्या परत जोडायचं घरात ठरतं. कुठे जायचं, याला तीन उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जिथे ओटीपोटावर छोटा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जोडणी होते. दुसरं खासगी दुर्बिणीचं सेंटर. आणि तिसरं, जोडणीच्या वाटेला न जाता थेट टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफ. आम्ही पहिलं निवडलं. ते सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही.

ठिकाण शोधण्याआधी जुना कागद शोधा. ऑपरेशन शिबिरात झालं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करायची. सिझरबरोबर झालं असेल तर त्या वेळच्या केसपेपरची नक्कल मागायची. नसबंदीच्या प्रमाणपत्रापेक्षा ऑपरेशनची नोंद कामाची, कारण पद्धत तिथे लिहिलेली असते आणि पुढचं सगळं पद्धतीवर ठरतं. नळी मुळात १० ते १२ सेंटिमीटर लांब. दुर्बिणीतून रिंग टाकली असेल तर त्यातला दोन-तीन सेंटिमीटरचा वेढा निकामी होतो. क्लिप असेल तर जेमतेम अर्धा. बाळंतपणानंतर किंवा सिझरमध्ये बहुधा पोमेरॉय पद्धतीनं नळीचा वेढा बांधून वरचा तुकडा कापतात, आणि किती गेलं हे कापणाऱ्याच्या हातावर असतं. करंट देऊन जाळलेली नळी बाहेरून दिसते त्याहून जास्त लांबीत खराब झालेली असते. बीजांड झेलणारं झालरीचं टोकच काढून टाकलं असेल, तर जोडणीचा विचार सोडलेला बरा. जोडल्यावर नळी निदान चार सेंटिमीटर तरी उरावी, हा सर्वसाधारण ठोकताळा.

झालर गेली असेल, बाईचं वय अडतीस-चाळीसच्या पुढे असेल, एएमएच (बीजांडांचा साठा किती उरला याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी असेल किंवा नवऱ्याच्या तपासणीत शुक्राणू फारच कमी निघाले, तर आयव्हीएफकडेच जावं. तिथे नळीची गरजच नसते. कायद्यानं बाईला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंत हे उपचार घेता येतात, पण स्वतःच्या बीजांडाची साथ त्याच्या बरीच आधी सुटते. पस्तिशीच्या आतल्या, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असलेल्या बाईला मात्र जोडणी जास्त लाभाची वाटते. आयव्हीएफमध्ये प्रत्येक प्रयत्नाला नव्यानं इंजेक्शनं आणि नव्यानं खर्च. नळी जुळली तर दर महिन्याची संधी आपोआप मिळते. वीर्यतपासणी न करता जोडणीची तारीख देणाऱ्या ठिकाणाहून तिथूनच परतावं.

आता खरी तुलना उरते ती उघडून की दुर्बिणीतून, एवढीच. त्यासाठी आत काय करतात ते डोळ्यांपुढे आणायला हवं.

आधी दोन्ही बंद टोकं थोडी थोडी छाटतात. व्रणाचा पांढुरका भाग संपून गुलाबी, थेंब थेंब रक्त येणारा काप दिसेपर्यंत छाटावं लागतं. पांढुरकं काही उरलं तर जोड तिथेच पुन्हा बंद होतो. गर्भाशयाच्या तोंडातून मिथिलिन ब्लूचं निळं पाणी सोडलं की ते गर्भाशयाजवळच्या टोकातून बाहेर यायला हवं. मग नळीखालचा पडदा टाके घालून जवळ आणतात, म्हणजे जोडावर ओढ पडत नाही. त्यानंतर मुख्य टाके. घड्याळाची तबकडी धरली तर पहिला सहावर, मग तीन आणि नऊ, शेवटी बारावर. धागा आठ-शून्य, केसासारखा. टाका स्नायूच्या थरातून जातो, आतल्या अस्तराला धक्का न लावता, आणि गाठ बाहेर राहते. वरून आवरणाचा दुसरा थर शिवतात. हे चालू असताना रिंगर लॅक्टेटची (सलाइनसारख्या क्षारांच्या पाण्याची) धार सोडून भाग सतत ओला ठेवतात, कारण सुकलेल्या पृष्ठभागाला आजूबाजूचं चिकटतं, आणि चिकटलेली नळी आतून मोकळी असली तरी बीजांड झेलायला हलत नाही. शेवटी पुन्हा निळं पाणी. ते झालरीतून बाहेर आलं की वाट मोकळी.

गर्भाशयाजवळ नळीचं भोक मिलिमीटरभर असतं, झालरीकडे ते पसरट होत जातं. अरुंद भाग अरुंद भागाला जोडायचा असेल तर निकाल सगळ्यात चांगला. अरुंदाला रुंद जोडायचं आलं की दोन तोंडं जुळत नाहीत, अस्तर टाक्यात अडकतं, आणि हाताची कसोटी लागते.

हे सगळं दुर्बिणीतून करणारे निष्णात सर्जन आहेत, आणि त्यांच्या हातचे निकाल उघड्या जोडणीच्या तोडीचे येतात, यात वाद नाही. बाई एक-दोन दिवसांत घरी येते, दुखणं कमी, व्रण छोटे. लहान मूल घरी असेल किंवा मजुरी बुडत असेल तर हा फायदा मोठा आहे. रोबोटनंही करतात, वेळ आणि पैसे जास्त लागतात, गर्भ राहण्यात तेवढा फरक पडत नाही. मात्र लांब दांड्याच्या हत्यारांनी आठ-शून्यचा टाका घालणं हे फार थोड्यांचं काम. रोज पित्ताशय आणि गर्भाशय काढणारा कुशल हातसुद्धा इथे चारऐवजी दोन टाक्यांवर थांबू शकतो. म्हणून सेंटर किती मोठं आहे यापेक्षा, जोडणी स्वतः कोण करणार आणि महिन्याला किती करतात, हे विचारा. आत गेल्यावर नळ्या जोडण्याजोग्या नाहीत असं दिसलं तर पॅकेजमधले किती पैसे घेणार, तेही आधी लिहून घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका. नसबंदी उलटवण्याचा खर्च पॉलिसीत वगळलेल्या बाबींमध्ये स्पष्ट लिहिलेला असतो.

आमचा काटा मात्र वेगळ्याच गोष्टीनं झुकला, आणि ती म्हणजे डिस्चार्ज कार्ड. खासगीत जोडणी झालेल्या बायकांची जी कार्डं पाहायला मिळाली, त्यातल्या बहुतेकांवर एकच ओळ होती: दोन्ही बाजूंचं रिकॅनलायझेशन (म्हणजे नळ्यांची जोडणी) केलं. सोबत पेन ड्राइव्हवर अर्ध्या तासाचा व्हिडिओ. पण उजवी नळी किती सेंटिमीटर उरली, डावी किती, जोड कुठल्या भागाचा कुठल्या भागाला, निळं पाणी दोन्हीकडून आलं की एकीकडून, यातलं काहीच नाही. विचारलं की "चांगलं झालंय, काळजी करू नका" एवढंच. काळजीचा प्रश्नच नाही, पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यांवर असतात. दोन्ही नळ्या सहा-सहा सेंटिमीटर असतील तर वर्ष-दीड वर्ष निवांत वाट पाहता येते. एकच जुळली असेल आणि तीही साडेतीनची, तर सहा महिन्यांत आयव्हीएफचा विचार सुरू करावा लागतो. आकडा नसेल तर बाईची दोन वर्षं अंदाजात जातात, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दोन वर्षं फार मोठी असतात.

वैद्यकीय महाविद्यालयात ऑपरेशनची नोंद निवासी डॉक्टर लिहितात, आणि वरिष्ठांना दाखवायची असते म्हणून तपशिलात लिहितात. नळीवर धागा धरायचा, तो मोजपट्टीवर ठेवायचा, आकडा लिहायचा, मिनिटाचं काम. आमच्या कागदावर दोन्ही बाजूंचे आकडे होते, हातानं काढलेली छोटी आकृतीही होती. खासगीत असं लिहून देणारे असतीलच. भेटले तर तिथे जायला हरकत नाही.

सरकारी बाजूचा त्रासही लहान नाही. ऑपरेशन पाळी संपल्यावर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात घेतात. सूक्ष्मदर्शक असलेल्या ऑपरेशन थिएटरची यादी ठरलेल्या वारी असते. तारीख एक येते, पाळी दुसरीकडेच जाते, आणि महिना वाया. हे दोन-दोनदा होतं. तारीख घेताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा केसपेपरवर लिहून घ्याव्यात आणि पाळी सुरू झाली की त्याच दिवशी वॉर्डात फोन करावा. मुंबईचं केईएम, पुण्याचं ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, कुठेही गेलात तरी स्त्रीरोग विभागाची युनिटं वेगवेगळ्या वारी ओपीडी घेतात. "हे ऑपरेशन सध्या कुठलं युनिट करतं?" हे आधी विचारून त्याच वारी जावं, नाहीतर चार ठिकाणी रांगा लावण्यात दिवस जातात. सरकारी यंत्रणेला हे काम नवं नाही. २००४ च्या त्सुनामीत मुलं गेलेल्या आयांसाठी तमिळनाडू सरकारनं ही ऑपरेशनं मोफत करून देण्याची सोय केली होती.

जोडणीनंतरची एक गोष्ट सरकारी असो की खासगी, दोन्ही ठिकाणी घाईत सांगितली जाते. जोडलेल्या नळीतच गर्भ रुजण्याचा धोका राहतो. जोडणीनंतरच्या गर्भधारणांमध्ये तो शंभरात दोन ते दहा जणींना गाठतो. पाळी चुकली की आठवड्याच्या आत बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत आतून सोनोग्राफी, गर्भ पिशवीत आहे हे दिसेपर्यंत. एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, थोडंसं रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता निघायचं. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री जो डॉक्टर असेल त्याला आपला सर्जन ठाऊक नसतो. त्याच्या हातात ते कार्ड द्यायचं, आणि जोड कुठल्या बाजूला आहे त्या ओळीवर बोट ठेवायचं.